स्विच नवा, तरी ब्रिज गप्प: स्ट्रॅट अपडेट

मंडळी, माझ्या स्ट्रॅटचा (स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तीन पिकअपची इलेक्ट्रिक गिटार) ब्रिज, म्हणजे ब्रिजजवळचा पिकअप, बोलायला लागला! पण मधल्या काळात त्याने जो छळ मांडला, तो लिहून ठेवतो.

पिकअप निवडायच्या पाच-पोझिशन स्विचवर १ म्हणजे ब्रिज, २ ब्रिज आणि मिडल, ३ मिडल, ४ मिडल आणि नेक, ५ नेक. मागच्या वेळी गाडी इथे अडली होती: १ नंबरला आवाज यायचा-जायचा, २ ला क्वॅक (दोन पिकअप एकत्र वाजले की येणारा बदकासारखा आवाज) गायब, नुसता मिडल. ३, ४, ५ ठणठणीत. पिकगार्ड (पुढची पाटी, पिकअप आणि स्विच तिलाच बसवलेले) न उघडता जॅकमध्ये केबल घातली, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरला, व्हॉल्यूम फुल. ५ ला ५.७ के (किलो-ओहम), ३ ला ५.८, ४ ला २.९. दोन पिकअप पॅरलल आले की निम्मं, म्हणजे इथवर सगळं रीतसर. १ ला मात्र थेट २५० के च्या घरात. म्हणजे मीटरला पिकअप दिसतच नव्हता, एकटा व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) दिसत होता. लिव्हर जरा रेटून धरला की ६.२ वर यायचं. स्विचचा काँटॅक्ट गेलेला, वादच नाही.

तो होता बंद डबीवाला स्विच. माझं मत कडवट आहे: असल्या स्विचवर क्लीनर वाया घालवू नका, आत नीट पोचतच नाही. उघड्या फ्रेमचा मागवला. त्याच्या पत्त्या डोळ्यांना दिसतात. पुढेमागे खरखरला तर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भिजवलेली कागदाची पट्टी पत्तीखालून ओढायची, काळी रेघ कागदावर उतरते, काम झालं. (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे कृपया गिटारपासून लांब ठेवा.) दोन्ही स्विचच्या लगचा (वायर सोल्डर करायच्या पायांचा) क्रम वेगळा असतो, म्हणून जुनी आकृती बाजूला ठेवून मीटरची बीप लावून एकेक लग शोधला. सोल्डरिंगला नेहमीचा २५ वॉटचा सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्न. पॉटच्या पाठीवर तो जरा दमतो, लगसाठी झकास.

टेबलावर पाचही पोझिशन चोख. पिकअपच्या पोलपीसवर (तारांखालचे धातूचे गोल ठिपके) स्क्रूड्रायव्हरने टकटक केली, जिथे हवा तिथेच आवाज. पिकगार्ड बसवला, स्क्रू आवळले... १ बंद. आणि २ सुद्धा ठार!

इथे डोकं फिरलं होतं, पण खरा धागा त्या २ नंबरातच होता. जुन्या बिघाडात २ ला निदान मिडल वाजत होता. आता तोही नाही. मीटर लावला: १ ला ०.४ ओहम, २ लाही तेवढंच. आधी २५० के, आता जवळपास शून्य. लक्षण तेच, रोग उलटा. आधी सर्किट तुटत होतं, आता ग्राउंडला शॉर्ट होत होतं. ब्रिजचा लग ग्राउंडला टेकला की १ मरणारच. २ ला स्विच ब्रिज आणि मिडल एकत्र जोडतो, म्हणून मिडललाही तो घेऊन बुडतो. ३ ला गेलं की तो लग बाजूला पडतो, सगळं सुरळीत. म्हणजे संशयित एकच लग, किंवा ब्रिजची वायर.

मीटर चालू ठेवून पिकगार्डचे स्क्रू सैल केले. स्विचकडची कड उचलली आणि आकडा उडी मारून ६.२ वर! टॉर्च मारला तर कॅव्हिटीतल्या (पिकगार्डखालच्या खाचेतल्या) शिल्डिंगच्या, ग्राउंडला जोडलेल्या कॉपर टेपवर नखाएवढा चकचकीत ओरखडा, बरोबर ब्रिजच्या लगसमोर. डबीवाला स्विच अंगाने बारीक, हा उघडा पसरट. लगवरच्या सोल्डरचं टोक शिल्डिंगला घासत होतं.

टोक छाटलं, लग नोज प्लायरने किंचित आत वळवला, भिंतीवर कॅप्टॉन टेपचे (इन्सुलेशनची पिवळसर टेप) दोन थर. काळी पीव्हीसी टेप नको, उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो. पिकगार्ड आवळून बसवला: ६.२, ३.०, ५.८, २.९, ५.७. आणि २ नंबरचा तो क्वॅक, अहाहा! फेंडरने १९७७ मध्ये पाच-पोझिशनचा स्विच देईपर्यंत लोक तीनवाल्याचा लिव्हर मध्येच अडकवून हा आवाज का काढत होते, ते लगेच कळतं.

ठरलेलं होतं पुढे पुश-पुल (नॉब ओढला की स्विचचं काम करणारा पॉट) घालून सात आवाज करायचे. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: स्विचच्या टोन बाजूला मिडल आणि ब्रिजचे लग एका छोट्या तुकड्याने जोडले, तर दुसरा टोन पॉट ब्रिजलाही लागू होईल. माझ्या ब्रिजचा टोचरेपणा बघता त्याचीच जास्त गरज आहे. सबब पुश-पुल लांबणीवर. पिकगार्ड पुन्हा उघडतोय, जुनी टोपी नव्या लिव्हरवर बसत नाही, तेव्हा तीही मागवायची आहे. क्रीम रंगाची कोणाकडे जादा पडली असेल तर सांगा.