आठ बाय चारचा घोळ

आज दिवसभर सेकंडहँड व्हॅन बघत फिरलो. खिशात टेप होताच. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची, ती आत सपाट बसलीच पाहिजे हा माझा सुतारी हट्ट. पहिल्या गाडीत लांबी पुरली, पण मागच्या चाकांवरच्या उंचवट्यांमध्ये जेमतेम ४५ इंच. शीटला ४८ लागतात! दुसरीत शीट बसली, पण मागची सीट दुमडून. बायको म्हणाली, "मग पोरांना काय शीटवर बसवणार?" गप्प बसलो.

शेवटी सहा सीटवाली पसंत पडली. सीटमागे पक्की लोखंडी जाळी आहे. ब्रेक दाबला की करवत पोरांच्या डोक्यात यायला नको. शीट टपावर बांधीन. धाकटीने खिडकीची जागा आत्ताच धरून ठेवलीय, गाडी अजून घेतलेलीसुद्धा नाही!