माद्रिदच्या अनवाण्या नन्सचं कॉन्व्हेंट: माझा अनुभव

माद्रिदला लेकीकडे पंधरा दिवस होते तेव्हा देस्काल्सास रेआलेस नावाचं नन्सचं कॉन्व्हेंट बघितलं, आणि सगळ्या ट्रिपमध्ये मनात राहिलं ते हेच, म्हणून लिहितेय.

आधी तिकिटाचं सांगते कारण आमचा एक दिवस त्यातच गेला. ओळखीतल्या एकांनी सांगितलं होतं बुकिंग बिकिंग काही लागत नाही, थेट जा. गेलो, तर त्या दिवसाचं सगळं फुल! आत अजूनही नन्स राहतात, त्यामुळे मोकळं फिरता येत नाही, ठरलेल्या वेळी छोटा ग्रुप गाईडबरोबर आत सोडतात आणि त्याच्याबरोबरच बाहेर. मग लेकीने घरी येऊन ऑफिशियल साइटवर दोन दिवसांनंतरचा स्लॉट घेतला. सोमवारी बंद असतं. पुएर्ता देल सोल या मधल्या मोठ्या चौकापासून चालत पाच मिनिटं, पण बाहेरून इतकं साधं की आपण पुढे निघून जाऊ. मोबाईल बॅगेत ठेवायला लावतात, फोटो अजिबात नाही. टूर आमची स्पॅनिशमध्ये होती, लेक कानात मराठीत सांगत होती, पण तुमच्याबरोबर असं कोणी नसेल तर आदल्या रात्री थोडं वाचून जाच.

हे मूळचं राजवाड्यासारखं घर. हुआना म्हणजे सम्राट पाचव्या चार्ल्सची मुलगी, स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याची बहीण, ती इथेच 1535 मध्ये जन्मली आणि 1559 मध्ये तिनेच त्याचं कॉन्व्हेंट केलं. देस्काल्सास म्हणजे अनवाण्या. पण या अनवाण्या बायकांमध्ये राजघराण्यातल्या, मोठमोठ्या घरातल्या मुली असायच्या, आणि त्यांच्याबरोबर माहेरून चित्रं, मूर्ती, दागिने असं काय काय येत राहिलं, म्हणून हा एवढा खजिना.

आत शिरल्यावर जिना. भिंती, छत, एक इंच मोकळा नाही, आणि वर एका रंगवलेल्या सज्जातून राजा चौथा फेलिपे बायकापोरांसकट खाली बघतोय. मी खरंच क्षणभर कोणी उभं आहे समजून थांबले. वरच्या मजल्यावर चौकाभोवती एकामागून एक छोटी छोटी देवघरं, त्यात बाळ येशूच्या लाकडी मूर्ती, काही तर आपल्या रांगणाऱ्या बाळकृष्णाएवढ्या.

नन्सची जुनी झोपायची खोली आहे तिथे चित्रकार रुबेन्सच्या डिझाइनवरून ब्रुसेल्सला विणलेले टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचे चित्रपडदे, लावलेत. दुसऱ्या फेलिपेची मुलगी इसाबेल क्लारा एउहेनिया, तिने करवून घेतले आणि या कॉन्व्हेंटला दिले. लोकर आणि रेशीम, पण गंमत अशी की विणकामात परत विणलेला पडदाच दाखवलाय, देवदूत तो खांबांना टांगतायत आणि कापडाची कड दुमडून खाली लोंबतेय, तीही विणलेलीच! माझी आजी गोधडी शिवायची, तिची आठवण झाली, ती असती तर आधी मागची बाजू उलटून बघितली असती.

पण मी जिच्यासाठी आले होते ती हुआना. तिचं लग्न पोर्तुगालच्या युवराजाशी झालं, नवरा 1554 च्या जानेवारीत गेला आणि अठरा दिवसांनी मुलगा झाला, सेबास्तियन. त्याच वर्षी मे महिन्यात भावाने तिला स्पेनचा कारभार बघायला बोलावून घेतलं, तो इंग्लंडला स्वतःच्याच लग्नाला निघाला होता. चार महिन्यांचं बाळ लिस्बनला ठेवून ती आली ती परत कधीच त्याला भेटली नाही. त्याची चित्रं तेवढी तिकडून यायची. त्यातलं एक 1565 चं इथे आहे, अकरा वर्षांचा मुलगा. बाकीचा ग्रुप पुढे सरकला, लेक म्हणाली, "आई, चल ना, ते थांबणार नाहीत," पण माझा पाय निघेना.

कारण मी चौलला खेटून असलेल्या रेवदंड्याची. आमच्या किल्ल्याच्या तटावर आम्ही लहानपणी बोरं वेचली, आणि 1570-71 मध्ये निजामशहाने चौलला वेढा घातला होता, तेव्हा तिथल्या पोर्तुगीजांचा राजा हाच. सोळा-सतरा वर्षांचं पोर. पुढे 1578 मध्ये मोरोक्कोत लढाईत गेला, चोवीस वर्षांचा. हुआना त्याआधीच 1573 ला वारली होती, एवढं तरी बरं झालं असं मला वाटलं.

तिची कबर इथल्याच चर्चमध्ये आहे, वर तिचा पांढरा संगमरवरी पुतळा, गुडघ्यांवर बसून हात जोडलेला. टूर तासाभरात संपली. बाहेर आल्यावर लेक म्हणाली कॉफी घेऊया, मी म्हटलं आधी दोन मिनिटं बस इथे माझ्याजवळ.