वरसई ते झाशी, दुपारच्या वेळात

आज धाकटा दुपारी छान झोपला आणि विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ वाचून संपवलं. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली घराबाहेर पडला आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो गावातच होता! तोफगोळे, लूट, कत्तल, पाण्यासाठीचे हाल, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. वाचताना अंगावर काटा येतो. पुस्तक छापलं गेलं ते मात्र १९०७ साली.

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. एवढ्या धुमश्चक्रीत त्याचा जीव घरी अडकलेला. मिळवलेलं वाटेत लुटलं गेलं, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून वरसईपर्यंत आणलीच. लहान मुलांमुळे सध्या मी कुठे जाऊ शकत नाही, त्यामुळे घर मनात घेऊन फिरणारा हा माणूस फार जवळचा वाटला.

संध्याकाळी लेकीने नकाशावर महू, ग्वाल्हेर, झाशी शोधून काढलं. ‘एवढं चालत?’ म्हणाली. मग जेवण होईपर्यंत तिचे प्रश्नच प्रश्न. भाजी निवडता निवडता जमेल तेवढं सांगितलं.

आता पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक वाचायचंय, १८८९ सालचं. कोणाकडे आहे का? वाचून नक्की परत करेन. आणि अशी जुनी मराठी प्रवासवर्णनं आणखी माहीत असतील तर कृपया सुचवा.