शेवटी फिरवायचा स्क्रू : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात जुन्या पिकअप गाड्यांचे स्टेअरिंग आणि पुढचा ॲक्सल एवढीच कामे होतात. इंजिन, क्लच किंवा रंगकाम आम्ही कधीही हाती घेतले नाही. सरळ रस्त्यावर डावी-उजवीकडे भरकटणारी, चालकाला सतत चक्र सावरायला लावणारी गाडी पुन्हा एका रेषेत धावू लागेपर्यंत तिच्यामागे लागायचे, हेच काम आम्ही निवडले आणि त्यावरच आजवर उभे आहोत.

सुरुवात मी आणि माझे भागीदार अशी दोघांनी केली. ते वयाने माझ्याहून बरेच मोठे होते, आणि किंगपिनचे, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या पिनवर वळते तिचे, बुश (आतल्या बाह्या) हाताने रीम करण्यात, म्हणजे भोक कापून नेमक्या मापाचे करण्यात, त्यांच्या तोडीचा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही. वरचा आणि खालचा बुश वेगवेगळा रीम केला, तर दोन्ही भोके एका रेषेत येत नाहीत आणि नवी पिन बसवूनही नकल, म्हणजे चाक धरणारा वळता भाग, जड फिरतो, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही घाईत तसेच केले जाते. त्यांच्याकडे पायलट, म्हणजे न कापणारा मार्गदर्शक दांडा, असलेला लांब रीमर होता. एका बुशमध्ये पायलट आधाराला ठेवून ते दुसरा बुश कापत, रीमर एकाच दिशेने फिरवत आणि बाहेर काढतानाही उलटा फिरवू देत नसत, कारण उलट्या फिरवण्याने धार मरते. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकत आत गेली पाहिजे आणि आडवी तसूभरही हलता कामा नये, हे त्यांचे माप होते. नकलची उभी ढिलाई ते शिमने (पातळ चकत्यांनी) काढत, आणि ग्रीस भरताना ॲक्सलवरचा भार जॅकने काढल्याशिवाय ग्रीस गनला हात लावू देत नसत, कारण चाके जमिनीवर असताना भार पेलणाऱ्या पृष्ठभागांमध्ये ग्रीस शिरत नाही. तो रीमर तेलाच्या फडक्यात गुंडाळून आजही माझ्या कपाटात आहे आणि अजूनही कामाला येतो.

मधली बरीच वर्षे कामाच्या ओघात गेली. सांगण्यासारखे जे आहे ते त्यानंतरचे.

आमच्यापासून जवळच एक नवे वर्कशॉप उघडले. ढिले स्टेअरिंग तासाभरात घट्ट करून देण्याचा त्यांचा दावा होता, आणि एका अर्थाने तो खराही होता. स्टेअरिंग बॉक्सच्या वरच्या बाजूला सेक्टर शाफ्टचा, म्हणजे बॉक्समधून बाहेर येऊन चाके वळवणाऱ्या दांड्याचा, स्क्रू असतो. त्याचा लॉक नट सैल करून तो आवळला की चक्राचा प्ले (मोकळी हालचाल) तत्काळ नाहीसा झाल्यासारखा वाटतो. त्यावर समोर एक स्टेअरिंग डॅम्पर बसवला की हादरे लपतात, आणि ग्राहक समाधानाने निघून जातो. आम्ही मात्र तीच गाडी दोन-तीन दिवस ठेवून घेत होतो आणि बिलात ग्राहकाने कधी न ऐकलेल्या भागांची नावे लिहीत होतो. आमच्या कामाचा मोठा हिस्सा ज्या एका मालवाहतूकदाराकडून येत होता, त्याने आपल्या सगळ्या गाड्या तिकडे नेल्या. आम्ही मुद्दाम काम वाढवतो, असे त्या वर्कशॉपमधून उघडपणे सांगितले जात होते, आणि ज्यांच्या गाड्यांखाली आम्ही वर्षानुवर्षे झोपून काम केले, त्यांनीही ते ऐकून घेतले. ही सल अजून गेलेली नाही.

आम्ही दिवस का घेत होतो, ते इथे लिहून ठेवतो. स्टेअरिंगमधली ढिलाई सहसा एका जागी नसते. कॉलमच्या खालची रबरी कपलिंग, बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, बॉक्सचा ड्रॉप आर्म, त्यापासून चाकांकडे जाणारी ड्रॅग लिंक, आयडलर आर्म असेल तर तो, दोन्ही चाके जोडणाऱ्या टाय रॉडची टोके, किंगपिन किंवा बॉल जॉइंट, हबची बेअरिंग आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलचे बुश, या प्रत्येकाने थोडी थोडी झीज दिलेली असते आणि तिची बेरीज चक्रावर जाणवते. चक्राचा व्यास 400 मिमी, बॉक्सचे गुणोत्तर 20 : 1 आणि कडेवरचा प्ले 25 मिमी धरला, तर पुढची चाके सुमारे 0.36 अंश मोकळी राहतात. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण 2,800 मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी ताशी 60 किमी वेगाने जात असताना चाके तेवढी वळली, तर कागदावरच्या हिशेबाने ती एका सेकंदात जवळजवळ फूटभर बाजूला सरकते.

ही बेरीज शोधण्यासाठी आम्ही चाके जमिनीवर ठेवून, एकाला चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला बसवतो आणि दुसरा खाली प्रत्येक जोडावर बोटे ठेवून तपासतो, कारण डोळ्यांना न दिसणारी खटखट बोटांना कळते. त्यानंतर चाक उचलून ते वर-खाली धरून हलवायचे. ढिलाई जाणवली की मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगायचे. ढिलाई गेली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. बॉक्स बसतो तिथल्या चासीच्या पट्टीवर तडा आहे का, हे ग्रीस आणि माती पुसल्याशिवाय दिसत नाही, आणि ती पुसण्याइतका वेळ तासाभराच्या कामात कोणाकडेही नसतो.

या पडत्या काळात आम्हाला लेथ विकावा लागला. भागीदारांनी त्यांची रक्कम मागितली नाही. उलट आपला वाटा न घेता ते काही काळ रोज येत राहिले. पुढे त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली आणि ते घरी बसले. त्यांच्या हयातीत कारखाना पुन्हा उभा राहिला, याचे मला समाधान आहे.

त्या काळात एकच ग्राहक न चुकता आमच्याकडे येत राहिले. ते रोपवाटिकेची रोपे पोहोचवत. त्यांची गाडी भरलेली असताना सरळ चाले आणि रिकामी परतताना भरकटत असे. दुसरीकडे त्यांना बॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला होता. "दादा, तुम्ही सांगाल तेच करायचे," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या बॉक्समध्ये काहीच दोष नव्हता. जास्त माल मावावा म्हणून मागच्या पाट्यांत एक जादा पाटा घातलेला होता, आणि त्याने रिकाम्या गाडीचा मागचा भाग उचलला गेला होता. वर धरलेल्या 2,800 मिमी व्हीलबेसला मागची बाजू 50 मिमी उचलली की चासी पुढे साधारण 1 अंश झुकते आणि कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल, तेवढाच घटतो. कॅस्टर घटला की चाके आपोआप सरळ येण्याची ओढ मंदावते. आम्ही जादा पाटा काढला, जुन्या पाट्यांना पुन्हा कमान दिली, शॅकलचे बुश बदलले आणि टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतला किंचित कल, बसवून दिला. रोपे पोहोचवणाऱ्या या काकांनी ही हकिगत भेटेल त्या चालकाला सांगितली, आणि आमच्या दारात पुन्हा गाड्या दिसू लागल्या त्या त्यांच्यामुळे, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

त्या मालवाहतूकदाराच्या गाड्याही अखेर परत आल्या. वळण घेतल्यावर चक्र परत फिरत नाही, ते हाताने ओढून सरळ करावे लागते, अशी सगळ्या चालकांची एकच तक्रार होती. बॉक्समधले दात मुळातच मध्यावर घट्ट आणि दोन्ही बाजूंना किंचित सैल घडवलेले असतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्याने झीज मध्यावर होते. ती झीज लपवण्यासाठी स्क्रू आवळला, की मध्य ठीक वाटतो, पण वळणात दात एकमेकांत रुततात. उघडलेल्या बॉक्सपैकी काहींच्या वर्मवर, म्हणजे चक्राने फिरणाऱ्या आटेदार दांड्यावर, आतल्या पोलादी गोळ्यांचे खड्डे पडलेले होते. ते वर्म मी आजही फळीवर मांडून ठेवले आहेत आणि कोणी विचारले तर हातात देतो. त्या वर्कशॉपने मात्र आमच्याविषयी जे म्हटले होते, ते कधीही मागे घेतले नाही.

हे वाचणाऱ्या तरुण मिस्त्रींना, त्यांनी विचारले नसले तरी, काही सांगावेसे वाटते. बॉक्सला हात लावण्याआधी टायरची हवा मोजा, पुढे-मागे रेडियल आणि नायलॉन टायरची सरमिसळ आहे का पाहा आणि यू-बोल्ट आवळा. टाय रॉडचे टोक काढताना ते ज्या भोकात बसते त्या डोळ्याच्या बाजूवर हातोडा मारा; आट्यांवर मारू नका. कॅसल नटची खाच स्प्लिट पिनच्या भोकाशी जुळत नसेल, तर नट पुढे आवळून जुळवा, कधीही मागे सोडू नका. अलाइनमेंट सगळे जोड बदलून झाल्यावरच करा. एवढे होऊनही बॉक्समध्ये प्ले उरला, तर ड्रॅग लिंक सोडा, आधी वर्मच्या बेअरिंगचा प्रीलोड (मुळातला दाब) बसवा, मग चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवून फेरे मोजा, त्यांच्या निम्म्यावर बॉक्स आणून ठेवा, आणि मध्यावरून जाताना किंचित जडपणा लागेल इतकाच तो स्क्रू फिरवा. लॉक नट आवळताना स्क्रू दुसऱ्या हाताने धरून ठेवा, कारण नटाबरोबर तो थोडा फिरतोच.