तुम्ही विचारलंत म्हणून : गावित बहिणी पॅरोलवर बाहेर येतील का?

मी फौजदारी कायदा शिकवते आणि मूळची कोल्हापूरची आहे, हे कळले की ओळखीपाळखीचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. लहान मुलांना पळवून त्यांचे खून केल्याबद्दल शिक्षा झालेल्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी रद्द झाली. मग आता त्या पॅरोलवर बाहेर येणार का, आणि त्यांना तसे येऊ द्यावे का? प्रश्नाचे हे दोन भाग वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात बरेचसे सापडते. दुसऱ्यासाठी मात्र त्या खटल्याकडे पुन्हा जावे लागते.

अंजनाबाई गावित आणि तिच्या या दोन मुली पाकीटमारी आणि किरकोळ चोऱ्या करून जगत असत. देवळे, जत्रा, एसटी स्थानके ही त्यांची ठिकाणे. कडेवर मूल असलेल्या बाईवर लोक सहसा संशय घेत नाहीत, आणि ती पकडली गेलीच तरी मुलाकडे पाहून तिला सोडून देतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९९० ते १९९६ या काळात पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणांहून त्यांनी १३ मुले पळवल्याचा आरोप खटल्यात ठेवला गेला. चोरी अंगाशी आली की मुलाला पुढे करायचे, आणि मूल रडू लागले, आजारी पडले किंवा त्याचा उपयोग संपला की त्याला संपवायचे, अशी ती पद्धत होती. त्यातले तपशील मी वर्गातही पूर्ण वाचून दाखवत नाही आणि इथेही देणार नाही. १९९६ च्या अखेरीस त्या पकडल्या गेल्या, त्या मात्र या मुलांच्या शोधातून नव्हे. अंजनाबाईच्या माजी नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातली मुलगी नाहीशी झाली, तिच्या आईने संशय घेऊन तक्रार केली, आणि त्या धाग्यावरून बाकीचे सारे उलगडत गेले.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जिच्या आईने पोलिसांपुढे ठामपणे नावे घेतली, त्या मुलीमुळे प्रकरण उघडकीस आले. त्याआधी नाहीशा झालेल्या मुलांपैकी काही भीक मागणाऱ्या, रस्त्यावर राहणाऱ्या बायकांची होती. त्यांचे मूल हरवले तेव्हा गावात गलका झाला नाही, वर्तमानपत्रात फोटो आला नाही. सहा वर्षे हे चालू शकले, त्याचे मुख्य कारण माझ्या मते आरोपींची हुशारी हे नसून त्या मुलांची आपल्या लेखी असलेली किंमत हे आहे.

अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच, १९९७ मध्ये, कोठडीत मरण पावली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला आणि खटल्याचा मोठा भार त्याच्या जबाबावर आला. माफीच्या साक्षीदाराचे म्हणणे स्वतंत्र पुराव्याने पक्के झाल्याशिवाय त्यावर शिक्षा देऊ नये, हा आपल्याकडचा रुळलेला आणि योग्य नियम आहे. त्यामुळे जिथे मृतदेह सापडला नाही किंवा मुलाची ओळखच पटली नाही, तिथे खून सिद्ध होणे अवघड झाले. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. पण अखेरपर्यंत टिकले ते पाच खून. बाकीच्या मुलांचे काय झाले, याला कायद्याच्या भाषेत उत्तर मिळाले नाही.

त्यानंतर सरकारी दिरंगाईची वर्षे सुरू झाली. दयेचे अर्ज मंत्रालय, राजभवन आणि दिल्ली यांच्यात फिरत राहिले आणि राष्ट्रपतींनी ते २०१४ मध्ये फेटाळले. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात सांगितले होते की, दयेच्या अर्जावर अकारण झालेला दीर्घ विलंब हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते. याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी दोघींची फाशी जन्मठेपेत बदलली आणि फायलींच्या बाबतीत यंत्रणेने दाखवलेल्या बेफिकिरीवर ताशेरे ओढले. लगेच सुटका करण्याची मागणी मात्र न्यायालयाने मानली नाही. त्या निकालावर अनेकजण संतापले. माझे मत वेगळे आहे. न्यायालयाने जे करायला हवे होते तेच केले. संताप करायचाच तर तो वर्षानुवर्षे कागद दाबून ठेवणाऱ्या टेबलांवर करावा.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला, परंतु गुन्ह्याचे गांभीर्य पाहून ही जन्मठेप नैसर्गिक मृत्यूपर्यंत आणि शिक्षेत कोणतीही सूट न देता भोगायची असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे चौदा वर्षांनी किंवा पंचवीस वर्षांनी सुटका, हा मार्ग त्यांच्यासाठी बंद आहे.

मग पॅरोलचे काय? इंग्रजी मालिकांमुळे आपल्याला वाटते की पॅरोल म्हणजे मंडळापुढे सुनावणी होऊन कैद्याची झालेली मुक्तता. अमेरिकेत साधारण तसे आहे. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, आणि तिची जोडीदार फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्ही ठरावीक दिवसांच्या असतात आणि त्या संपल्या की कैद्याने तुरुंगात परत यायचे असते. पॅरोल सहसा आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी असतो आणि त्याचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. फर्लोचे धरले जातात. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र नियम आहेत आणि गेल्या दशकात ते अधिक कडक झाले आहेत. शिक्षेत सूट नाही म्हणून रजाही आपोआप नाही, असेही म्हणता येत नाही: दिल्लीच्या नियमांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आजन्म कैद्यालाही फर्लोचा विचार नाकारता येणार नाही असे म्हटले. त्याच न्यायालयाने आधीच्या वर्षी फर्लो हा निरपवाद हक्क नसल्याचेही सांगितले होते. तेव्हा अर्ज करणे शक्य आहे, रजा मिळणे फार कठीण आहे, आणि कायमची सुटका या वाटेने होऊच शकत नाही.

द्यावी का, याचे माझे उत्तर असे. मी फाशीच्या विरोधात आहे, आणि कैद्याला रजेचा अर्ज करण्याचा अधिकार असावा या बाजूची आहे. तो अधिकार गुन्हा किती भयानक होता यावर काढून घेऊ नये. पण या दोघींच्या अर्जावर मी अधिकारी असते तर नकार लिहिला असता, कारणे देऊन. त्यांची बळी ठरलेली मुले अनोळखी आणि कुठेही सापडणारी होती. त्यामुळे अमुक गावात जाऊ नये, अमुक कुटुंबाला भेटू नये अशी अट घालून कुणाचे रक्षण होणार नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी मला कुणीच विचारत नाही. रजेपूर्वी पोलिसांचा अहवाल मागवतात, शांतता भंगेल का हे पाहतात. पीडितांचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे आपली न्यायालये आता आवर्जून सांगू लागली आहेत. इथे ते कुणाचे ऐकणार? ज्या आईचे नावच धड नोंदले गेले नाही, तिला नोटीस कोणत्या पत्त्यावर जाणार? तिचा विरोध कागदावर नाही, म्हणून विरोध नाही असे धरले जाऊ नये, एवढे तरी अहवाल लिहिणाऱ्याने स्पष्ट लिहावे. आणि त्या काळात या शहरांतल्या ठाण्यांत नोंदवलेल्या हरवलेल्या मुलांच्या तक्रारी पुन्हा काढून, ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्याशी जुळतात का, हे राज्याने अजूनही पाहावे. तीस वर्षे होत आली तरी त्यांतल्या काही आया अजून हयात असतील.