गाडीवर मागं बसलेला मुलगा

सोमवार आमच्याकडे बाजाराचा दिवस. बाजाराला आलेला माणूस जाता जाता दवाखानाही उरकून घेतो, त्यामुळे उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मी तिथल्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीची ही खोली: एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा आणि एक हिरवा पडदा. जिल्हा सातारा, त्यापुढचं सांगत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

साडेअकराला एक वडील मुलाला मनगटाला धरून आत घेऊन आले. मागे आई. मुलगा नववीतला, मिसरूड नुकतंच फुटलेलं, आणि डोक्यावरचे सगळे केस वस्तऱ्याने काढलेले. मी हळूच विचारलं, "घरात कुणी गेलं का?"

"कुणी न्हाय," वडील म्हणाले. "मीच काढलं. पोरांनी विचारू दे शाळेत, काय केलंस म्हणून."

बाकीचं आईने सांगितलं. मोबाइल तिचाच. वर्गाचा गृहपाठाचा ग्रुप त्यावर होता, तिथून कुणीतरी टाकलेल्या अश्लील व्हिडिओंच्या लिंका रात्री गोधडीत उघडून हा बघत होता. तिने पाहिलं आणि घाबरून नवऱ्याला सांगितलं. त्यांनी मुलाला पट्ट्याने मारलं, मोबाइल दगडावर आपटला, चुलत्याला आणि आत्याला बोलावून त्यांच्यापुढे त्याला उभं केलं, देवीपुढे शपथ घ्यायला लावली. आठ दिवस मुलगा शाळेत गेला नव्हता. जेवत होता तेही तोंड फिरवून.

"काय गोळी आसंल तर द्या मॅडम," आई म्हणाली. "डोक्यातनं जाईल आसं कायतरी."

दोघांना बाहेर बसवलं. मुलाची आधी उंची मोजली, मग वजन केलं. समोरासमोर बसून बोलण्याआधी शरीराला काहीतरी काम दिलं की मुलं जरा सैल होतात, हा माझा अनुभव. मग पहिला प्रश्न, जो मी अशा प्रत्येक मुलाला विचारते: "हे तुला कुणा मोठ्या माणसाने दाखवलं का?" आईवडिलांना हा प्रश्न सुचतच नाही. मोठ्या माणसाने लहान मुलाला असलं काही दाखवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसं असेल तर मारलेलं पोर आरोपी नसतं, ज्याच्यावर अन्याय झाला ते असतं. त्याने मान हलवली. नाही. वर्गातल्या पोरांनीच टाकलं होतं.

दुसरा प्रश्न विचारला, "बघितल्यावर तुला काय वाटलं?"

तो खूप वेळ वजनकाट्याकडे बघत राहिला. बाहेर शिपाई नंबर पुकारत होता. मग म्हणाला, "मॅडम, दाजी ताईला पण तसंच मारणार का?"

ताईचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. ती २० वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी पत्रिकेचा नमुना यानेच चुलीत टाकला होता, सासरची माणसं आली तर गोठ्यात जाऊन बसला होता. घरच्यांनी ते सगळं 'पोरगं बिघडलं' याच खात्यात मांडलं. आणि हा त्या व्हिडिओत रडणारी बाई बघून, ती रडत असतानाही कुणी थांबत नाही हे बघून, लग्न म्हणजे हेच असं समजून बसला होता. शपथ घेताना देवीपुढे त्याने काय मागितलं ठाऊक आहे? लग्न मोडू दे.

मी २००७ साली या कामात नवीन होते. एका संस्थेकडून शाळांमध्ये जायचे. त्याच वर्षी लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिकांवरून राज्यात गदारोळ झाला आणि शाळांतला तो कार्यक्रम थांबला. तेव्हापासून एक गोष्ट मला छळते: शाळा बोलली नाही, घर बोललं नाही, म्हणून मुलांचं शिकणं काही थांबलं नाही. त्यांना शिकवणारा तेवढा बदलला.

मुलाला मी सरळ सांगितलं. ते शूटिंग असतं, पैशासाठी केलेलं, नवरा-बायकोचं आयुष्य तसं नसतं. बाई नको म्हणाली की थांबायचंच असतं, लग्न झालेलं असलं तरी. तुला भीती वाटली, यात तुझं चुकलं नाही. बघावंसं वाटलं, तेही या वयात वाटतं. पण ते तुझ्या वयाच्या मुलांसाठी नाही आणि पुढे कुणाला पाठवायचं तर मुळीच नाही, तो गुन्हा होतो. तो रडला. मी त्याला रडू दिलं.

त्याच्या परवानगीने वडिलांना एकटं आत घेतलं. ताईबद्दलचं ऐकून ते खुर्चीच्या कडेवर पुढे सरकले आणि तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सरकार हे बंदच का करत न्हाय?" मी सांगितलं, २०१५ साली ८५७ साइट बंद करायला सांगितल्या होत्या, थोड्याच दिवसांत ते ढिलं पडलं. २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७. एक बंद केली की दुसऱ्या नावाने दुसरी उघडते. मोबाइलमध्ये कुलूप घालता येतं, घालावंही, पण शेजारच्या पोराच्या मोबाइलला आपण कुलूप घालू शकत नाही.

मग त्यांनी जे विचारलं, ते मला आईवडिलांकडून फार क्वचित ऐकायला मिळतं. "बोलायचं म्हणता, पण कुठला शब्द वापरायचा?"

खरंच आहे. आपल्याकडे या गोष्टींना एक तर शिवीतले शब्द आहेत, नाही तर पुस्तकातले. मी म्हटलं, दादा, अवघड शब्द नकोच. आधी मारल्याबद्दल आणि केसांबद्दल 'माझं चुकलं' म्हणा. चुलत्याला, आत्याला सांगा की हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. त्याला म्हणा, असलं परत समोर आलं तर मला सांग, मी हात उचलणार नाही. आणि समोर बसवून बोलू नका, चौकशी वाटते. धार काढताना बोला, गाडीवरून जाताना बोला. रात्री मोबाइल ओट्यापाशी चार्जिंगला लावायचा, पण सगळ्यांचाच, तुमचासुद्धा.

"माझा पण?"

"तुमचा पण."

केसांचं तेवढं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मार विसरला जातो असं मी म्हणत नाही, पण मार घरात राहतो. ते केस मात्र महिनाभर शाळेत, बसमध्ये, वाण्याच्या दुकानात त्या मुलाबरोबर जाणार होते. ज्या बापाने लाज अशी डोक्यावर कोरली, त्याच्याकडे पोराने पुढची अडचण घेऊन का यावं? कुणी ऑनलाइन धमकावलं, पैसे मागितले, तर हे पोर कुणाला सांगणार होतं? अशी मुलंही माझ्याकडे येतात, आणि बहुतेक फार उशिरा येतात.

दोन सोमवारांनी वडील एकटेच आले. डोक्यावर टोपी होती. ती काढली, तर त्यांनीही चकोट केलेलं. मी काही विचारलं नाही.

"गाडीवर बोललो," ते म्हणाले. "मागं बसला हुता, तोंड दिसत न्हवतं, म्हणून बोलता आलं. आधी कायच बोलला न्हाय. कॅनॉलपाशी आल्यावर ताईचं विचारलं. मला गाडी थांबवावी लागली."

"मग काय सांगितलंत?"

"म्हणलं, दाजीनं हात लावला तर तू आन मी दोघं जाऊन तिला घेऊन यायची." थोडं थांबून म्हणाले, "पण मॅडम, पोरीला तरी कुणी काय सांगितलंय? तिच्या आईला विचारलं, तर ती पण खालीच बघाय लागली."

पुढच्या सोमवारी मायलेकी आल्या. आमच्या रजिस्टरमध्ये १९ च्या पुढचा रकाना नाही. मी पडदा ओढून घेतला आणि दोघींना बसवलं.