ओहळ आटल्यावर

गुरुवार, रात्री

ह्यांची रबाळे एमआयडीसीतली नोकरी गेल्यापासून घरात एकच हिशेब चालू असतो. आधी भाडं, मग फी, मग वाणसामान. वाणसामानापर्यंत हिशेब पोचेस्तोवर हातात फारसं काही उरत नाही.

आज बायबलमधल्या पहिले राजे ह्या पुस्तकाचा अध्याय १७ पुन्हा वाचला. एलीया संदेष्टा करीथ ओहळापाशी राहतो आणि कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर नि मांस आणून देतात. हे संडे स्कूलपासून पाठ आहे. आज मात्र मन पुढच्या ओळीवर अडलं. पाऊस नव्हता, म्हणून ओहळ आटला. तिथे जाऊन राहा, असं त्याला देवानेच सांगितलं होतं, आणि तरी तो आटला.

नोकरी गेली त्या रात्री ह्यांनी विचारलं होतं, "आपलं काही चुकलं का गं?" मला तेव्हा काही सुचलं नाही. आज ही ओळ वाचून दाखवली. एलीयाचं काही चुकलं नव्हतं. दुष्काळ साऱ्या देशावर होता, त्याचा ओहळ तरी कसा सुटणार?

नंतर देव त्याला सारफथला धाडतो, एका विधवेकडे. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडंसं तेल. आपण आणि मुलगा शेवटचं खाऊ आणि मरू, म्हणून ती काटक्या वेचत असते. पोसायला देवाने कुणाला निवडलं, तर हिला! पुढे लिहिलंय की मडक्यातलं पीठ सरलं नाही. मडकं काठोकाठ भरलं, असं कुठेच नाही. म्हणजे ती रोज सकाळी मडक्यात हात घालत असणार तेव्हा आजच्यापुरतंच दिसत असणार, आणि उद्याचं रोज नव्याने देवावर सोपवावं लागत असणार. म्हणूनच "विश्वास ठेवा, दुप्पट मिळेल" असं सांगणारे संदेश मला सहन होत नाहीत. तिला दुप्पट कुठे मिळालं? तिला पुरलं.

आणि ती सीदोनाची, इस्राएलाबाहेरची. प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात हीच आठवण करून दिली, की साडेतीन वर्षं आकाश बंद होतं, इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं ते हिच्याकडे. लोक इतके चिडले की त्याला कड्यावरून लोटायला निघाले.

हे वाचताना शेजारच्या काकू डोळ्यांपुढे आल्या. इथे कोपरखैरण्यात निम्मी आळी साताऱ्याकडची आहे. काकांनी तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर माथाडीचं काम केलं, आता गुडघे गेलेत, त्यांच्या औषधांनाच पैसे पुरत नाहीत. काकू माळकरी, एकादशी चुकवत नाहीत. परवा ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन दारात उभ्या. "गावाकडनं जोंधळं आल्याती, आत्ताच दळून आणलंय. पोरांना गरम भाकरी कर." मी नको म्हणायच्या आत डबा ओट्यावर ठेवून गेल्यासुद्धा.

मी देवाकडे मदत मागत होते, तेव्हा माझी नजर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या चांगल्या पगारवाल्या घरांकडे होती. त्याने मात्र काकूंना पाठवलं.

शनिवारी ह्यांना तुर्भ्याच्या एका गोदामात भेटायला बोलावलंय. पगार आधीपेक्षा कमी आहे, पण पीएफ आहे. काम झालं तर मंडळीत देवाच्या उपकाराची साक्ष देईनच. पण आधी काकूंना सांगणार.